नॅशनल निग्रो ओपन

नॅशनल निग्रो ओपन ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय गोल्फपटूंची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती. 'युनायटेड गोल्फर्स असोसिएशन' (यूजीए) ही संघटना ती भरवत असे. पहिली स्पर्धा १९२६ साली आणि शेवटची १९७६ साली झाली. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ संघटनेने कृष्णवर्णीयांना सदस्यत्व नाकारले होते, त्या काळात देशातील उत्तम कृष्णवर्णीय खेळाडू याच स्पर्धेतून पुढे आले. सदस्यत्वावरील बंदी उठल्यानंतर हेच खेळाडू मुख्य प्रवाहातील स्पर्धांकडे वळले आणि या स्पर्धेचे महत्त्व ओसरत गेले.

स्पर्धेच्या नावातील 'निग्रो' हा शब्द त्या काळी अमेरिकेत सर्रास वापरला जात असे. आज तो अवमानकारक मानला जातो आणि केवळ ऐतिहासिक नावांतच आढळतो.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत गोल्फचा प्रसार प्रामुख्याने खाजगी क्लबांमधून झाला. बहुतेक क्लबांचे सभासदत्व गौरवर्णीयांपुरते मर्यादित होते. दक्षिणेकडील अनेक शहरांत सार्वजनिक मैदानेही कृष्णवर्णीयांना बंद होती. मात्र याच क्लबांमध्ये खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे 'कॅडी' बहुधा कृष्णवर्णीय मुले असत. अनेक मुले हे काम करता करता, निरीक्षणातूनच खेळ शिकली. क्लब बंद असेल त्या दिवशी त्यांना मैदानावर सराव करता येई.

कृष्णवर्णीय खेळाडू या खेळात अगदी प्रारंभापासून होते. १८९६ साली शिनेकॉक हिल्स येथे झालेल्या दुसऱ्या यू.एस. ओपन स्पर्धेत जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय खेळाडू सहभागी झाला होता. 'पीजीए ऑफ अमेरिका' या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेची स्थापना १९१६ साली झाली. १९३४ साली तिने आपल्या घटनेत सदस्यत्व 'कॉकेशियन', म्हणजे गौरवर्णीय, वंशाच्या व्यक्तींपुरते मर्यादित करणारे कलम घातले. व्यावसायिक स्पर्धांची मालिका याच संघटनेच्या नियंत्रणाखाली असल्यामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंचा उपजीविकेचा मार्ग जवळजवळ बंद झाला.

## प्रारंभ

१९२५ साली वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय गोल्फप्रेमींनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तीच पुढे यूजीए या नावाने ओळखली जाऊ लागली. संघटनेच्या पुढाकाराने १९२६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टो या गावी, मेपलडेल कंट्री क्लबच्या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धा झाली. हा क्लब रॉबर्ट हॉकिन्स या कृष्णवर्णीय उद्योजकाने सुरू केला होता. वॉशिंग्टनचा हॅरी जॅक्सन या स्पर्धेत विजयी झाला.

## स्वरूप

स्पर्धा दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत होत असे. कृष्णवर्णीयांच्या मालकीची मैदाने मोजकीच असल्यामुळे ती बहुधा सार्वजनिक मैदानांवर भरवली जाई. व्यावसायिक व हौशी खेळाडूंसाठी स्वतंत्र गट असत. कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेली ही स्पर्धा गौरवर्णीय खेळाडूंना मात्र बंद नव्हती. काही गौरवर्णीय खेळाडूंनी यूजीएच्या स्पर्धांत भागही घेतला.

राष्ट्रीय स्पर्धेखेरीज यूजीएच्या आश्रयाने अनेक प्रादेशिक स्पर्धा होत. या संपूर्ण मालिकेला बोलीभाषेत 'चिटलिन सर्किट' म्हटले जाई. मुख्य प्रवाहातील स्पर्धांच्या तुलनेत बक्षिसाची रक्कम अल्प असल्यामुळे खेळाडूंना दुसरा उद्योग करावा लागे. सुप्रसिद्ध मुष्टियोद्धा जो लुईस हा गोल्फचा मोठा चाहता होता. त्याने १९४१ साली डेट्रॉइट येथे स्वतःच्या नावाची स्पर्धा सुरू केली आणि टेड ऱ्होड्स या खेळाडूला आपला प्रशिक्षक म्हणून नेमले. चार्ली सिफर्ड हा गायक बिली एकस्टाइन याच्याकडे गोल्फ प्रशिक्षक होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पर्धेत काही वर्षे खंड पडला.

## प्रमुख विजेते

- रॉबर्ट 'पॅट' बॉल – १९२७, १९२९, १९३४, १९४१
- जॉन डेंडी – १९३२, १९३६, १९३७
- हॉवर्ड व्हीलर – १९३३, १९३८, १९४६, १९४७, १९४८, १९५८
- टेड ऱ्होड्स – १९४९, १९५०, १९५१, १९५७
- चार्ली सिफर्ड – १९५२ ते १९५६ सलग पाच वेळा, तसेच १९६०
- पीट ब्राउन – १९६१, १९६२
- ली एल्डर – १९६३, १९६४, १९६६, १९६७

व्हीलर हा काठी धरण्याच्या उलट पद्धतीसाठी प्रसिद्ध होता. उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूचा उजवा हात सामान्यतः खाली असतो. व्हीलरचा डावा हात खाली असे. पहिल्या आणि शेवटच्या विजयात त्याने पंचवीस वर्षांचे अंतर राखले.

## महिला गट

१९३० साली महिलांसाठी स्वतंत्र अजिंक्यपद सुरू झाले. १९३७ साली वॉशिंग्टन येथे 'वेक-रॉबिन' आणि शिकागो येथे 'शिकागो विमेन्स गोल्फ क्लब' हे कृष्णवर्णीय महिलांचे क्लब स्थापन झाले. या क्लबांमुळे महिला गटाला बळ मिळाले. १९५० साली विजयी झालेली ॲन ग्रेगरी ही या गटातील विशेष उल्लेखनीय खेळाडू होती. १९५६ साली तिने यू.एस. विमेन्स ॲमॅच्युअर स्पर्धेत भाग घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय गोल्फ नियामक संस्थेच्या महिला स्पर्धेत खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

## वर्णभेदाच्या कलमाविरुद्धचा लढा

सदस्यत्वाच्या कलमाला आव्हान देणारे बहुतेक खेळाडू यूजीएच्या स्पर्धांत घडलेले होते. १९४८ साली ऱ्होड्स आणि बिल स्पिलर यांनी लॉस एंजेलिस ओपन स्पर्धेतील कामगिरीच्या बळावर कॅलिफोर्नियातील रिचमंड ओपनसाठी पात्रता मिळवली. पीजीएचे सदस्य नसल्याचे कारण देऊन त्यांना तेथे खेळू दिले गेले नाही. दोघांनी मॅडिसन गंटर या खेळाडूसह न्यायालयात दावा दाखल केला. भेदभाव न करण्याच्या पीजीएच्या आश्वासनानंतर तो मागे घेण्यात आला. त्यानंतर अनेक स्पर्धा 'निमंत्रितांच्या' म्हणून भरवल्या जाऊ लागल्या आणि कृष्णवर्णीयांना निमंत्रणच न पाठवता बंदी प्रत्यक्षात कायम राहिली.

१९५२ साली सॅन डिएगो ओपनमध्ये जो लुईस हौशी खेळाडू म्हणून निमंत्रणावरून खेळला. स्पिलरला मात्र प्रवेश नाकारण्यात आला. लुईसने हे प्रकरण वृत्तपत्रांपर्यंत नेल्यावर पीजीएने आयोजकांच्या निमंत्रणावरून कृष्णवर्णीयांना खेळू देण्याची तरतूद केली. सदस्यत्वाचे कलम मात्र तसेच राहिले.

पुढे स्पिलरची तक्रार कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत पोहोचली. भेदभाव करणाऱ्या संघटनेला राज्यातील सार्वजनिक मैदानांवर स्पर्धा घेऊ न देण्याची भूमिका त्यांनी घेतली. १९६२ ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा लॉस एंजेलिस येथे नियोजित होती. ती पेनसिल्व्हेनिया राज्यात हलवण्यात आली. अखेर नोव्हेंबर १९६१ मध्ये पीजीएने हे कलम रद्द केले. तोपर्यंत स्पिलरचे वय ४८ झाले होते आणि ऱ्होड्सचा बहराचा काळही सरला होता.

## ऱ्हास आणि समाप्ती

१९६४ साली पीट ब्राउन याने वॅको टर्नर ओपन जिंकली. पीजीएच्या मालिकेतील अधिकृत स्पर्धा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. सिफर्डने १९६७ साली ग्रेटर हार्टफर्ड ओपन आणि १९६९ साली लॉस एंजेलिस ओपन जिंकली. हार्टफर्डच्या विजयाचे बक्षीस २०,००० डॉलर होते. यूजीएच्या कोणत्याही स्पर्धेला एवढी रक्कम देणे शक्य नव्हते. उत्तम खेळाडू निघून जाताच प्रेक्षक, पुरस्कर्ते आणि वृत्तपत्रांचे लक्षही या स्पर्धेपासून दूर गेले. १९७५ साली ली एल्डर मास्टर्स स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय गोल्फपटू ठरला. त्याच्या पुढच्याच वर्षी शेवटची नॅशनल निग्रो ओपन झाली.

अमेरिकी बेसबॉलमधील 'निग्रो लीग'चा शेवटही काहीसा असाच झाला. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला प्रमुख लीगमध्ये प्रवेश मिळाल्यानंतर त्या लीगचे खेळाडू व प्रेक्षक वेगाने घटले. गोल्फमध्ये मात्र बंदी उठल्यावरही कृष्णवर्णीय व्यावसायिकांची संख्या टिकून वाढली नाही. मैदानांवर विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्याने कॅडींचे काम कमी झाले आणि खेळ शिकण्याची जुनी वाट आक्रसली. नवोदितांना स्पर्धेचा अनुभव देणारी यूजीएची मालिकाही त्याच सुमारास क्षीण झाली होती.

## वारसा

चार्ली सिफर्ड याचा २००४ साली जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. तो मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. २०१४ साली त्याला 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. २००९ साली पीजीए ऑफ अमेरिकेने जॉन शिपेन, टेड ऱ्होड्स आणि बिल स्पिलर यांना मरणोत्तर सदस्यत्व, तर जो लुईस याला मरणोत्तर मानद सदस्यत्व प्रदान केले. या चौघांपैकी एकालाही हयातीत ते मिळाले नव्हते.