परांची बांधण्याआधी तारांचे अंतर मोजा

जळगाव जिल्ह्यातील पारोळ्यासारख्या जुन्या गावांत एकमजली घरांवर दुसरा-तिसरा मजला चढतो, दर्शनी भिंतीला गिलावा आणि रंग लागतो. रस्त्याकडेचे विजेचे खांब मात्र जागच्या जागीच राहतात. वाढत जाणारे घर आणि तारा यांच्यामधल्या जागेत परांची उभी राहते. तिच्यावर चढणाऱ्या गवंड्याच्या व रंगाऱ्याच्या जिवाचा प्रश्न या थोड्याशा अंतरात दडलेला असतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार ११ केव्हीपर्यंतची उच्चदाब वाहिनी इमारतीपासून आडव्या दिशेने किमान १.२ मीटर, तर छतावरून जात असल्यास किमान ३.७ मीटर उंच असावी लागते. घरोघरी वीज देणाऱ्या लघुदाब तारांसाठी ही अंतरे अनुक्रमे १.२ आणि २.५ मीटर आहेत. भिंतीपासून दीड मीटरवर उच्चदाब तार असेल, तर ते घर नियमात बसते. पण त्याच भिंतीला एक मीटर रुंदीची परांची बांधली, की तिच्या कडेपासून तार जेमतेम अर्ध्या मीटरवर येते. म्हणजेच उभा असलेला माणूस हात लांबवून तिला स्पर्श करू शकतो. उच्चदाब तारेच्या बाबतीत तर प्रत्यक्ष स्पर्शाचीही गरज नसते. अगदी निकट गेल्यास ठिणगी पडून धक्का बसू शकतो.

म्हणूनच वाहिनीलगतचे बांधकाम, मग ते तात्पुरते का असेना, सुरू करण्यापूर्वी मालक व ठेकेदार यांनी वीज कंपनी आणि विद्युत निरीक्षक यांना लेखी सूचना द्यावी, अशी तरतूद आहे. सोबतच्या नकाशात परांचीही दाखवावी लागते. काम चालू असताना व नंतरही सुरक्षित अंतर राखले जाईल, असे निरीक्षकांनी प्रमाणित केल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. अंतर अपुरे असल्यास वाहिनी हलविणे, तिला संरक्षण देणे किंवा ठरलेल्या वेळेत वीजपुरवठा बंद ठेवून घेणे, हे मार्ग उरतात.

घरातील मेन स्विच बंद केल्याने रस्त्यावरील वाहिनी बंद होत नाही. वीज गेली म्हणून तार निर्धोक मानणेही घातक आहे, कारण पुरवठा कोणत्याही क्षणी पूर्ववत होतो. वाहिनी बंद करून ती भूसंपर्कित केल्याची खात्री वीज कंपनीच्या अधिकृत कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावी. तारेवर स्वतः प्लॅस्टिकचा पाइप चढविणे हा उपाय नव्हे. ओला बांबूही वीज वाहून नेतो, हे विसरू नये.

बाजारात मिळणारी लोखंडी सळई साधारण १२ मीटर लांब असते. ती उभी करून वर चढविताना वा वळविताना तोल गेला, तर तिचे टोक दूरवरच्या तारेपर्यंत पोहोचते. लोखंडी पाइप, शिडी आणि रंगाच्या रोलरची लांब दांडी यांचेही तसेच. खानदेशातील कडक उन्हाळ्यात तारा तापून अधिक लोंबतात आणि वाऱ्याने झुलतात. त्यामुळे सकाळी नजरेने ठरविलेले अंतर दुपारी कायम राहीलच असे नाही.

अपघात झाल्यास चिकटलेल्या माणसाला ओढण्यासाठी धावू नये. परांचीलाही हात न लावता सर्वांनी दूर थांबावे आणि तातडीने १९१२ क्रमांकावर कळवून वाहिनी बंद करून घ्यावी. सोबतच १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. घराचे काम चार दिवस लांबले तरी भरून निघते. परांचीवरून उतरून संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाची जागा मात्र भरून निघत नाही.