घरी मॉर्फिन देताना: सिस्टरना तुमची कशी मदत होते?

कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेला की अनेक रुग्ण हॉस्पिटलमधून घरी येतात. आजार बरा करण्याचे उपचार थांबले तरी वेदना, मळमळ, धाप यांवरचे उपचार चालूच राहतात. यालाच उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. घरी येणाऱ्या सिस्टर थोडाच वेळ थांबू शकतात. बाकी दिवस-रात्र औषधे तुमच्याच हातून दिली जातात, त्यामुळे रुग्णाची रात्र शांत जाणार की कण्हत, हे बरेचसे तुमच्यावर अवलंबून असते.

दुखण्याची वाट पाहू नका

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण 4 तास टिकतो. म्हणून ती घड्याळ लावून द्यावी लागते. "आत्ता दुखत नाही, मग कशाला?" म्हणून डोस टाळला, तर वेदना पुन्हा उसळते आणि मग ती आटोक्यात आणणे अवघड जाते. 12 तास चालणारी गोळी वेगळी असते. ती कुटून, चावून किंवा तोडून देऊ नका, कारण सगळे औषध एकदम अंगात जाते.

"सवय लागेल" किंवा "मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला" ही भीती अनेक घरांत असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे दुर्मिळ आहे. मात्र ते स्वतःहून अचानक बंद करू नका.

घरी येण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या

सिस्टर डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार काम करतात, स्वतःहून डोस बदलत नाहीत. त्यामुळे या गोष्टी कागदावर हव्यात:

- कोणते औषध, किती, किती वाजता
- मधेच वेदना वाढली तर द्यायचा जादा डोस, आणि तो दिवसात किती वेळा चालेल
- गिळता येईनासे झाले तर काय करायचे (कातडीखाली बारीक सुई बसवून औषध देता येते)
- रात्री फोन कोणाला करायचा

एक वही ठेवा

औषधाची वेळ, जादा डोस, वेदना 0 ते 10 पैकी किती, झोप आणि शौचास झाली का, एवढेच लिहा. समजा, वहीत रोज तीन-चार जादा डोस दिसले, तर नेहमीचा डोस कमी पडतोय हे सिस्टर लगेच डॉक्टरांना फोनवर सांगू शकतात. "काल जरा जास्त दुखत होते" एवढ्या माहितीवर डोस ठरवता येत नाही.

मॉर्फिनने बद्धकोष्ठता जवळजवळ सगळ्यांना होते. पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्या. मळमळ आणि गुंगी पहिले काही दिवस असते, पुढे बहुधा कमी होते.

लगेच फोन करा

हाक मारून, हलवूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, लघवी खूप कमी झाली असेल किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला असेल, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. शेवटच्या दिवसांत आजारामुळेही श्वास बदलतो. कारण काय, हे त्यांना ठरवू द्या.

साठा संपू देऊ नका

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे त्यावर कडक नियंत्रण आहे. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, तरी ते ठरावीक ठिकाणीच मिळते. कोल्हापूरकरांनी पावसाळ्याचा विचार आधीच करावा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. गगनबावडा, राधानगरी किंवा पंचगंगेकाठच्या गावात राहत असाल, तर पाऊस वाढण्याआधीच जादा दिवसांचे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. साधारण आठवड्याचे औषध उरले की सिस्टरना सांगा. जवळच्या आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंनाही घरी असा रुग्ण आहे हे कळवून ठेवा.

औषध कुलपात ठेवा, गोळ्या मोजून वहीत लिहा आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नका, मग त्याचे कितीही दुखत असो. रुग्णाच्या पश्चात उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या तिथेच परत करा.

जागरण एकट्यावर टाकू नका, घरातल्या दोघांनी तरी औषधे शिकून घ्या. सिस्टर पुढच्या वेळी आल्या की त्यांच्यासमोर एक डोस स्वतः देऊन दाखवा. चुकत असेल तर त्या तिथेच सांगतील, आणि रात्री दोन वाजता तुमचा हात थरथरणार नाही.