गोल्फ आणि गावचे गायरान

गोल्फ हा शब्द कानी पडताच आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी, आत गालिचासारखी हिरवळ, आणि काठ्यांची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन संथ पावलांनी चालणारे चार साहेबलोक. या चित्रात बाहेरच्या माणसाला जागा असते ती कुंपणापलीकडे. मी स्वतः सरकारी नोकर. साहेबलोकांत मोडतो असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. तरीही या खेळाविषयी माझ्या मनात फार दिवस अढी होती. ती सैल झाली ती या खेळाच्या जन्मभूमीत, स्कॉटलंडमध्ये, एका रविवारच्या सकाळी.

एका अभ्यासक्रमाच्या निमित्ताने मी विलायतेत होतो. सवड काढून सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या छोट्या गावी गेलो. जगातील गोल्फ खेळणाऱ्यांची ही काशी. तिथल्या ‘ओल्ड कोर्स’वर एकदा तरी चेंडू मारावा म्हणून अमेरिका-जपानपासून माणसे येतात. दुरूनच पाहून परतावे, या हिशोबाने मी गेलो होतो. पाहतो तो काय, त्या जगद्विख्यात मैदानावर एकही खेळाडू नव्हता. लेकुरवाळ्या आया बाबागाड्या ढकलीत होत्या, मुले पळत होती, एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन फिरत होते. मी कडेला घुटमळलो. ते गृहस्थ म्हणाले, “या की आत. आज रविवार, आज हे मैदान गावाचे.” क्षणभर थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “तसे ते रोजच गावाचे आहे म्हणा. रविवारी फक्त गवताला विश्रांती.”

एखादी मोठी स्पर्धा नसेल, तर ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो आणि सार्वजनिक उद्यानासारखा वापरला जातो. इतर दिवशीही गावातली एक जुनी वाट मैदानाच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्यावरून आडवी जाते, आणि समुद्राकडे निघालेले लोक त्या वाटेने खुशाल ये-जा करतात. मैदानाच्या टोकाला जी प्रसिद्ध दगडी इमारत दिसते, ती ‘रॉयल अँड एन्शंट’ या मातबर क्लबाची. हे मैदानही त्याच क्लबाचे, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. क्लबाची मालकी इमारतीपुरती, जमीन गावाची.

हे असे का, हे समजण्यासाठी ‘लिंक्स’ या शब्दापाशी जावे लागते. समुद्राची वाळू आणि नांगराखालची जमीन यांच्यामध्ये जो उंचसखल, वालुकामय पट्टा असतो, त्याला तिकडे लिंक्स म्हणतात. त्यात धान्य पिकत नाही. खुरटे, चिवट गवत मात्र उगवते. ते मेंढ्या आणि ससे खातात, म्हणून ते आपोआप आखूड राहते. वाऱ्यापासून आडोसा शोधीत मेंढ्या टेकाडांच्या कुशीत बसत, तिथले गवत झिजून वाळू उघडी पडे. आज ज्यांना बंकर म्हणतात त्या वाळूच्या खड्ड्यांचे मूळ पुष्कळदा असे सांगितले जाते. आपल्या भाषेत या जमिनीला एकच अचूक शब्द आहे : गायरान. पिकाच्या कामाची नाही, म्हणून कोणा एकाची नाही; आणि म्हणूनच सर्वांची.

या गायरानावर स्कॉटिश लोक निदान पाचशे-साडेपाचशे वर्षे गोल्फ खेळत आले आहेत. इतके की १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या काळी पार्लमेंटने गोल्फवर आणि फुटबॉलवर बंदी घातली. लोक खेळात रमून धनुर्विद्येचा सराव टाळतात, ही राज्यकर्त्यांची तक्रार होती. बंदी पुनःपुन्हा घालावी लागली, यावरून ती किती पाळली गेली असेल हे समजते. पुढे चौथ्या जेम्स राजाने स्वतःच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या, तेव्हा प्रश्न मिटला.

सेंट अँड्र्यूजच्या इतिहासात दुसरे महत्त्वाचे वर्ष १५५२ चे. त्या वर्षी आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेने लिंक्सवर गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. आपल्याकडील महसुली भाषेत बोलायचे तर वहिवाटीची नोंद झाली. १७४४ मध्ये एडिंबराजवळच्या लीथ येथील लिंक्सवर या खेळाचे पहिले लिखित नियम झाले. नियम अवघे तेरा. त्यांतला दहावा मला फार बोलका वाटतो. चेंडू एखाद्या माणसाला, घोड्याला, कुत्र्याला किंवा आणखी कशाला लागून थांबला, तर तो जिथे पडला तिथूनच खेळावा, असा त्याचा आशय. माणूस, घोडा आणि कुत्रा या तिघांनाही त्या मैदानात असण्याचा अधिकार आहे, हे त्या नियमाने गृहीतच धरले आहे.

परंतु नोंद झाली म्हणून हक्क टिकतोच असे नाही. १७९७ मध्ये सेंट अँड्र्यूजची नगरसभा कर्जबाजारी झाली आणि तिने लिंक्सची जमीन विकली. ती पुढे ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरले; गावकरी चिडले. कोर्टात आणि प्रत्यक्ष मैदानावरही हे भांडण वीसेक वर्षे चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. तथापि भल्या मालकाची मर्जी आणि लोकांचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. अखेर १८९४ मध्ये खास कायदा करून गावाने जमीन परत मिळवली. पुढे स्थानिक कारभाराची घडी बदलू लागली, तेव्हा १९७४ च्या दुसऱ्या कायद्याने मैदानांची व्यवस्था एका विश्वस्त संस्थेकडे सोपवण्यात आली. आज तिच्याकडे सात मैदाने असून ती सर्व सार्वजनिक आहेत. रहिवाशांना वार्षिक तिकीट मिळते. ओल्ड कोर्सवरील पुष्कळशा वेळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी सोडत निघते, आणि तीत लक्षाधीश आणि शाळामास्तर यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात असतात.

हे एकट्या सेंट अँड्र्यूजचे कौतुक नव्हे. स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आणि गोल्फची मैदाने साडेपाचशेच्या आसपास. त्यांतली कित्येक नगरपालिकांची वा स्थानिक विश्वस्तांची आहेत. एडिंबरा शहरातील ब्रंट्सफील्ड लिंक्सवर आजही छोटा गोल्फ विनामूल्य खेळता येतो. तिथे फार गर्दी होऊ लागली, म्हणून शहराने १८८९ मध्ये ब्रेड हिल्सच्या टेकड्यांवर दुसरे मैदान केले. मसलबरा येथील नऊ होलांचे जुने मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या रिंगणात सापडले आहे. १८२९ मध्ये तिथे होल पाडण्याचे जे हत्यार वापरले, त्याचा सव्वाचार इंचांचा व्यास पुढे साऱ्या जगाचे प्रमाण ठरला. आणि उत्तरेकडील कार्नूस्टी! ज्या मैदानावर जगातील सर्वांत मानाची ‘ओपन’ स्पर्धा अनेकदा झाली, तेही सार्वजनिकच. या कार्नूस्टीची एक गोष्ट मराठी माणसाने ऐकण्यासारखी आहे. तिथली लिंक्स १८९० च्या सुमारास ज्या जमीनदाराने स्थानिक मंडळाला विकली, तो लॉर्ड डलहौसी. साताऱ्याचे आणि नागपूरचे राज्य खालसा करणारा गव्हर्नर जनरल डलहौसी तोवर वारून तीस वर्षे झाली होती. हा त्याच घराण्यातला पुढला वारस. मंडळाकडे पैसा नव्हता, तो लोकांनी वर्गणी काढून उभा केला. आमच्याकडे ज्या नावाने जमिनी गेल्या, त्याच नावाकडून तिकडच्या गावकऱ्यांनी आपली जमीन सोडवून घेतली.

मग सारे आलबेल आहे काय? तसे नाही. कीर्ती वाढली की गर्दी वाढते, आणि गर्दीबरोबर भाव. ओल्ड कोर्सवर हंगामात एक फेरी खेळायची तर पाहुण्याला तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात. या उत्पन्नातूनच रहिवाशांची तिकिटे स्वस्त ठेवता येतात हे खरे. पण पाहुण्यांना किती वेळा द्याव्यात आणि गावाला किती राखाव्यात, हा वाद कायमचा आहे. क्लबांची कवाडेही सर्वांना सारखी उघडी नव्हती. गावच्या मैदानावर बायका खेळत होत्या, परंतु ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचे ठरवले ते २०१४ मध्ये. प्रवाशांच्या आशेने नवी खाजगी मैदाने झाली, त्यांत निसर्गाची हानीही झाली. ॲबर्डीनच्या उत्तरेस फोव्हरन येथे सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर २०१२ मध्ये असे एक मैदान सुरू झाले. त्याने त्या टेकड्यांचा स्वभावच बदलला, म्हणून त्या भागाचा संरक्षित दर्जा २०२० मध्ये काढून घ्यावा लागला. जपण्यासारखे जे होते ते उरले नाही, असाच त्याचा अर्थ. माँट्रोझच्या जुन्या सार्वजनिक मैदानाला तर खुद्द समुद्रच कुरतडतो आहे.

तरीही एक गोष्ट तिथल्या लोकांनी सोडलेली नाही : वाट. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने, खेळात व्यत्यय न आणता आणि ग्रीनवर पाय न देता, कोणत्याही गोल्फ मैदानातून पायी पलीकडे जाण्याचा हक्क सामान्य माणसाला दिला आहे. मैदान खाजगी असले तरी. खेळण्याचा हक्क पैशाने मिळतो. चालण्याचा हक्क माणूस म्हणून मिळतो.

आपल्याकडे हा खेळ लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. परंतु खेळ आला तो गायरानातून नव्हे, छावणीतून आणि क्लबातून. बोटीतून काठ्या आणि चेंडू आले. गावची वहिवाट तेवढी मागे राहिली. शिमल्याजवळच्या नालदेऱ्याचे मैदान लॉर्ड कर्झनला इतके आवडले की त्याने आपल्या मुलीच्या नावात ते नाव गोवले. गुलमर्गला आज कोणीही शुल्क भरून खेळू शकतो. दिल्लीत कुतुबमिनारच्या परिसरात विकास प्राधिकरणाने २००० मध्ये सर्वांसाठी खुले मैदान काढले, हे पाऊल स्तुत्य होय. मात्र लिंक्सचे गवत पावसावर जगते. आपल्या उन्हाळ्यात तेच गवत हिरवे ठेवायचे तर विहिरीला नाहीतर नळाला तोंड लावावे लागते. म्हणून स्कॉटलंडची मैदाने उचलून इकडे आणा, असे मी सुचवणार नाही. घेण्यासारखे आहे ते मैदान नव्हे, मैदानामागची नोंद.

नोकरीच्या आरंभी माझ्यापुढे एका गावच्या गायरानाचा कागद आला होता. जमीन ‘पडीक’ म्हणून दाखवलेली होती आणि ती एका चांगल्या कामासाठीच द्यायची होती. सारे नियमांत बसत होते. मी सही केली. नंतर त्या बाजूला गेलो तेव्हा तारेच्या कुंपणाबाहेर एक धनगर आजोबा मेंढ्या घेऊन उभे होते. ते रागावले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, आता पलीकडच्या ओढ्याला जायचं कुठनं?” पाण्याकडे जाणारी वाट त्या कागदावर कोणी दाखवलीच नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी राखण्याविषयी राज्यांना कडक शब्दांत बजावले, तो निवाडा वाचताना मला ते आजोबा आठवले.

त्या रविवारी सेंट अँड्र्यूजमध्ये मी अखेरीस खेळलोही. ओल्ड कोर्सच्या शेजारी स्त्रियांच्या क्लबाने १८६७ पासून चालवलेले एक छोटे मैदान आहे. थोडे पौंड देऊन कोणीही तिथे चेंडू ढकलीत फिरावे. त्यावरील उंचवट्यांमुळे त्याला नाव पडले आहे ‘हिमालय’. माझ्या पुढे एक आजी आणि नात खेळत होत्या. माझा चेंडू भरकटून त्यांच्या वाटेत गेला, तशी ती मुलगी बाजूला सरकली आणि तिने मला आधी खेळण्याची खूण केली. मी चेंडू टोलवला. तो होलापासून पुष्कळ दूर थांबला.

आता एखादा जमिनीचा कागद पुढे आला की मी नकाशा मागवतो, आणि सहीपूर्वी एक प्रश्न विचारतो : इथून कोण चालत जाते?