पत्र्याच्या कारखान्यातला आवाज

१९६५ साल. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात १७ वर्षांच्या टोनी आयोमीचा शेवटचा दिवस होता. एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं. दुपारी जेवायला घरी आलेला पोरगा परत जायला नाखूश होता. दिवस पुरा करून ये, म्हणत आईनं त्याला धाडलं. त्याच दुपारी गैरहजर कामगाराच्या जागी त्याला प्रेस मशीनवर उभं केलं गेलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच.

आगीत दोन बोटं निकामी होऊनही गिटार वाजवणाऱ्या जँगो राइनहार्टची रेकॉर्ड त्याला फोरमननं आणून ऐकवली. मग आयोमीनं भांडी धुण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बारीक लावल्या. पुढे त्या सैल करून सूरही खाली उतरवला. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधला तो जड, खर्जातला गुरगुराट असा आला. हेवी मेटलला कारखान्याचं संगीत म्हणतात ते उगाच नाही.

आयोमीच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडमधले चौघेही अ‍ॅस्टनच्या कामगार वस्तीतले. कॅलिफोर्नियातले हिप्पी तेव्हा प्रेम आणि फुलांची गाणी गात होते. कत्तलखान्यात राबलेल्या त्यांच्या गायकाला, ऑझी ऑसबॉर्नला, त्याचं काय? १९७०च्या ‘वॉर पिग्ज’ या गाण्यात बँडच्याच गीझर बटलरनं युद्ध पेटवून स्वतः सुरक्षित बसणाऱ्यांवर कोरडे ओढले. लोकांच्या लक्षात मात्र क्रूस आणि सैतानच राहिले.

हेवी मेटल सैतानी असल्याचा हा संशय थेट कोर्टात पोचला. अमेरिकेतल्या नेवाडात १९८५मध्ये दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या. बर्मिंगहॅमच्याच ‘जुडास प्रीस्ट’ या बँडच्या गाण्यात दडवलेल्या छुप्या आज्ञेमुळे हे घडलं, असा दावा कुटुंबांनी लावला. गंमत म्हणजे ते गाणं मुळात दुसऱ्याच बँडचं. १९९०मध्ये रीनोच्या कोर्टात गायक रॉब हॅलफर्डनं आपलीच गाणी उलटी वाजवून दाखवली, तर त्यांत मोडक्या खुर्चीची तक्रारही ऐकू आली! छुपा संदेश घालायचाच असता तर रेकॉर्ड आणखी विकत घ्या असा घातला असता, हा त्याचा युक्तिवादही बिनतोड. छुप्या आज्ञेचा तो भास योगायोगानं झाला, मुद्दाम घातलेला नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी दावा फेटाळला. दोन घरांचं दुःख खरं होतं. आरोपी तेवढा सोयीचा निवडला होता.

बर्मिंगहॅमला आपल्या पोरांचा अभिमान वाटायला बराच काळ गेला. २०२३मध्ये मात्र तिथल्या रॉयल बॅलेनं ‘ब्लॅक सबाथ’च्या संगीतावर चक्क बॅले बसवला आणि पहिल्या प्रयोगाला आयोमी गिटार घेऊन रंगमंचावर आला. जून २०२५मध्ये शहरानं चौघांचा नागरी सन्मान केला. ५ जुलैला अ‍ॅस्टनमधल्याच व्हिला पार्कवर पार्किन्सन्सनं जखडलेला ऑझी सिंहासनावर बसून गायला. २२ जुलैला तो गेला. त्या मैफलीची मिळकत पार्किन्सन्सवरच्या संशोधनासाठी आणि शहरातल्या मुलांच्या रुग्णालयासाठी होती.