ढीग उघडा आहे, पण पाहिला कोणी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. नांदेड-लातूरच्या दुकानांत, सेवा केंद्रांत आणि क्लासेसमध्ये असे कितीतरी संगणक आहेत, जे धडधाकट चालतात पण विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्या मालकांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, “लिनक्स टाका, व्हायरसची कटकटच नाही.” दुसरा म्हणतो, “फुकटचं ते. कोड अख्ख्या जगापुढे उघडा, त्याचा काय भरवसा?” दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे.

लातूरच्या आडत बाजारात पोटलीवर सौदा होतो, हे सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्याला सांगायला नको. नमुना बघायचा आणि त्यावर भाव ठरवायचा. विंडोजसारखी बंदिस्त प्रणाली ही अशी पोटली आहे. आत काय आहे याबाबत कंपनीच्या शब्दावर विसंबावं लागतं. लिनक्स म्हणजे ओट्यावर ओतलेला ढीग, कुणीही हात घालून बघावं. पण ढीग उघडा आहे एवढ्यावरून माल चांगला ठरत नाही. त्यासाठी पारखणारा लागतो.

गैरसमज १ : कोड उघडा, म्हणजे चोराच्या हाती घराचा नकाशाच.

वस्तुस्थिती : कुलपाची रचना माहीत असूनही किल्लीशिवाय जे उघडत नाही, तेच खरं कुलूप. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी गुप्तलेखनाबाबत १८८३मध्येच हे तत्त्व मांडलं होतं. शिवाय कोड झाकून ठेवल्याने चोर थांबत नाहीत. १२ मे २०१७ला जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधल्या त्रुटीचाच फायदा घेतला, आणि विंडोजचा कोड तर बंदिस्त. विशेष म्हणजे त्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. दोन महिने हाताशी असलेला हा पॅच अनेकांनी बसवलाच नव्हता.

गैरसमज २ : हजारो डोळे कोड तपासतात, त्यामुळे चूक राहूच शकत नाही.

वस्तुस्थिती : डोळे पुरेसे असतील तर प्रत्येक चूक उथळ ठरते, असं एरिक रेमंड यांनी मांडलं आणि लिनक्सच्या जनकावरून त्याला ‘लिनसचा नियम’ असं नाव दिलं. पण ‘कुणीही पाहू शकतं’ आणि ‘कुणीतरी पाहिलं’ यांत मोठं अंतर असतं. संकेतस्थळांची गोपनीयता सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक २०१२च्या आवृत्तीत शिरली आणि एप्रिल २०१४मध्ये उघड झाली. ‘शेलशॉक’ तर १९८९पासून बॅश या प्रोग्रॅममध्ये पडून होती. ती २०१४मध्ये सापडली. पंचवीस वर्षं ढीग सगळ्यांसमोर होता, त्या कोपऱ्यात हात कुणी घातला नव्हता.

उलट बाजूचं उदाहरण २०२४चं. ‘एक्सझेड’ हे फायली आकसवणारं छोटं साधन बहुतेक लिनक्स प्रणालींत असतं, आणि ते सांभाळत होता एक थकलेला स्वयंसेवक. ‘जिया टॅन’ नावाने वावरणाऱ्या कुणीतरी सुमारे दोन वर्षं मदत करून विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं. तो मुळाशी गेला आणि २९ मार्चला त्याने हा प्रकार जगासमोर मांडला. बहुतांश स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचण्याआधीच चोरी पकडली गेली. कोड उघडा होता म्हणून चोराला आत शिरता आलं, आणि उघडा होता म्हणूनच फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं.

गैरसमज ३ : लिनक्सला व्हायरस लागत नाही.

वस्तुस्थिती : घरगुती संगणकावर तो कमी आढळतो, त्याला कारणं आहेत. वापरणारे कमी, म्हणून चोरांना त्यात रस कमी. सॉफ्टवेअर सहसा अधिकृत भांडारातूनच घेतलं जातं. शिवाय प्रणालीच्या मुळाला हात लावायचा तर पासवर्ड मागितला जातो. पण तुमची वही-खाती, फोटो, पावत्या या तुमच्याच फायली आहेत आणि त्या कुलूपबंद करायला व्हायरसला तुमच्या खात्याचे अधिकार पुरतात.

घराबाहेर तर चित्रच वेगळं आहे. २०१६च्या ‘मिराय’ या व्हायरसने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. ही लिनक्सवर चालणारी उपकरणं होती आणि त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच ठेवलेले होते. दुकानातल्या सीसीटीव्हीचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला, ते आठवून पाहा. एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या सर्व्हरवर हल्ला करणाऱ्या ‘फास्टकॅश’चीही लिनक्स आवृत्ती २०२४मध्ये उजेडात आली.

गैरसमज ४ : फुकटचं आहे, म्हणजे त्याला वाली नाही.

वस्तुस्थिती : नांदेड किंवा लातूरच्या न्यायालयात एखाद्या खटल्याची पुढची तारीख पाहिली असेल, तर तुम्ही मुक्तस्रोत, म्हणजे उघड्या कोडच्या, व्यवस्थेचा लाभ घेतलेला आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पाने देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स निवडलं. खटल्यांची नोंद ठेवणारं ‘सीआयएस’ सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीने मुक्तस्रोत साधनांवरच उभं केलं. त्यामागे प्रशिक्षण आहे, देखभाल आहे आणि जबाबदार यंत्रणा आहे. परवान्याचे पैसे नसले तरी सांभाळणारी माणसं लागतातच.

खरं वाऱ्यावर असतं ते ‘क्रॅक’ मारलेलं विंडोज. ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करा, असं सांगितलं की आपण तो मुकाट्याने बंद करतो. चोराला दार उघडून देणं ते हेच. अर्थात लिनक्सही कुठूनही उतरवू नये. फेब्रुवारी २०१६मध्ये ‘लिनक्स मिंट’च्या मूळ संकेतस्थळावरचाच दुवा बदलून हल्लेखोरांनी भेसळ केलेली प्रत लोकांच्या गळ्यात मारली होती. म्हणून उतरवलेल्या फाइलची सही आणि चेकसम पडताळायची सवय हवी.

गैरसमज ५ : प्रणाली बदलली की फसवणूक थांबली.

वस्तुस्थिती : तुमच्या खिशातला अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. तरी व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो, मागेल त्या परवानग्या देतो, आणि ओटीपी परस्पर चोराकडे पोचतात. इथे कोडमधली चूक शोधायची चोराला गरजच पडत नाही, कारण दार आपणच उघडून दिलेलं असतं.

जानेवारी २०२१मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे १४ कोटींहून अधिक रुपये ऑनलाइन लंपास झाले. अशा चोरीनंतर ‘प्रणाली कुठली होती’ हा अनेक प्रश्नांपैकी एक असतो. पैसे पाठवायचा आदेश कोण देऊ शकत होतं, दुसऱ्याची मंजुरी लागत होती का, सुट्टीच्या दिवशी मोठी रक्कम निघाली तर कुणाला कळत होतं, हे प्रश्नही तितकेच मोठे आहेत. त्यांची उत्तरं ना विंडोज देतं, ना लिनक्स.

मग जुन्या संगणकाचं काय करायचं?

अपडेट बंद झालेल्या विंडोजपेक्षा दीर्घ मुदतीचं, म्हणजे पाच वर्षं अपडेट मिळणारं लिनक्स नक्कीच बरं. पण ‘एकदा टाकलं, आता बघायला नको’ असं त्यात काही नाही. अपडेट आले की लावा, महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकाबाहेर ठेवा, आणि पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

मुक्तस्रोत प्रणाली आपल्याला तपासायचा हक्क देते. हा हक्क मोठा आहे, पोटलीवाला तो देत नाही. मात्र कोडचा ढीग पारखणं आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यातलं नाही. आपल्यासाठी तो कुणीतरी पारखतं, चूक सापडली की दुरुस्ती पाठवतं. पडद्यावर येणारी अपडेटची सूचना म्हणजे त्या पारख्याचा निरोप. तो ‘नंतर’ म्हणून ढकलला, की उघडा ढीग आणि बंद पोटली यांत आपल्यापुरता काही फरक उरत नाही.