उंची, वर्ण, बांधा

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं जेऊर हे करमाळा तालुक्यातलं गाव उभ्या महाराष्ट्राला माहीत झालं ते दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्यामुळे. ते मूळचे इथले. त्यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटातला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे जवळच्याच केमचा, तर ‘सैराट’ची आर्ची म्हणजे रिंकू राजगुरू याच सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. सौंदर्यस्पर्धांमुळे बाईची वस्तू होते का, हा प्रश्न मुंबई-बंगळुरूच्या झगमगाटात नेहमी विचारला जातो. तो जेऊर-केमच्या बाजूने विचारला की जास्त खरा वाटतो.

जब्याला आपल्या काळ्या रंगाचा संकोच वाटतो. नाक धारदार व्हावं म्हणून तो नाकाला चिमटा लावून बसतो. गावकुसाबाहेर राहणाऱ्या या पोराने कुठली सौंदर्यस्पर्धा पाहिलेली असण्याची शक्यता कमीच, तरी सुंदर कोणाला म्हणायचं याची मोजपट्टी त्याच्यापर्यंत पोचलेली आहे. मुलग्याची ही गत, तर मुलींचं काय होत असेल? लग्नाच्या बायोडाटात शिक्षणाच्या आसपासच उंची आणि ‘वर्ण: गोरा’ किंवा ‘निमगोरा’ लिहिलेलं असतं. सावळ्या मुलीच्या घरी तो रकाना भरताना आई-बापाचा हात अडखळतो. पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आलेल्या मुलीला चालायला लावायचं, उभं करायचं, निरखायचं, ही पद्धत मिस इंडियापेक्षा फार जुनी आहे.

म्हणून सगळा दोष स्पर्धांच्या माथी मारणं खोटेपणाचं होईल. पण त्यांनी या जुन्या सवयीला काय दिलं, तेही बघायला हवं. त्यांनी तिला गुण दिले, मुकुट दिला, प्रायोजक दिले.

मिस वर्ल्ड १९५१ साली लंडनमध्ये सुरू झाली ती एरिक मॉर्ली यांनी भरवलेली बिकिनी स्पर्धा म्हणून. पंधरा वर्षांनी, १९६६ मध्ये, हा मुकुट पहिल्यांदाच आशियात आला. तो जिंकणारी रीता फारिया मूळ गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. साडी आणि पोहण्याचा पोशाख उसना घेऊन ती लंडनला गेली होती. तिथल्या सट्टेबाजांनी तिच्यावर ६६ ला १ असा भाव लावला होता. होय, स्पर्धेतल्या मुलींवर उघडपणे पैसे लागत. जिंकल्यानंतर तिला बॉब होप या विनोदवीराबरोबर व्हिएतनामला नेण्यात आलं, अमेरिकी सैनिकांच्या मनोरंजनासाठी. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीचा युद्धभूमीवर असा उपयोग व्हावा, यात वस्तूकरण म्हणजे काय ते पुरतं कळतं. बाईचं शिक्षण, मत, इच्छा बाजूला सारून तिचं शरीर दुसऱ्यांच्या कामी लावायचं, याचंच ते नाव.

रीता त्यातून बाहेर पडली. वर्षभराने तिने झगमगाटाकडे पाठ फिरवली, लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाली. तिच्या या निवडीबद्दल आपल्याकडे मुकुटाच्या मानाने फार कमी बोललं जातं.

१९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हाच बॉब होप मिस वर्ल्डचं सूत्रसंचालन करत असताना स्त्रीमुक्तीवाद्यांनी पिठाच्या पुड्या फेकून कार्यक्रम उधळला. भारतात असा संघर्ष पेटला १९९६ मध्ये, बंगळुरूला. अमिताभ बच्चन यांच्या कंपनीने तिथे मिस वर्ल्ड भरवली होती. विरोधकांत दोन टोकं होती. एकांना संस्कृती बुडेल असं वाटत होतं, तर बाईच्या शरीराचा बाजार मांडला जातोय हे दुसऱ्यांचं दुखणं होतं. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला हलवावी लागली, आणि मदुराईत एका तरुणाने निषेधात स्वतःला पेटवून घेतलं. या गदारोळात संस्कृतिरक्षकांचाच आवाज मोठा ठरला आणि बायांचा मूळ मुद्दा मागे पडला. हे मोठं नुकसान झालं. कारण बाईने अंग झाकावं की नाही, हा तो मुद्दा नव्हताच. तिच्या अंगाला गुण देणारे हे कोण, असं त्या विचारत होत्या.

त्या गुणांचा मनावर होणारा परिणाम अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवला. बार्बरा फ्रेड्रिक्सन, टोमी-ॲन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकेकट्याने आरशाच्या खोलीत पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला दिला आणि मग गणितं सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलग्यांमध्ये असा फरक दिसला नाही. खोलीत पाहणारं कोणी नव्हतं. बाहेरची नजर मुलीच्या आतच जाऊन बसली होती, आणि ती सांभाळण्यात बुद्धी खर्च होत होती.

स्पर्धांचे समर्थक संधीचा मुद्दा मांडतात, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२० च्या फेमिना मिस इंडियात उपविजेती ठरलेली मान्या सिंह ही मुंबईतल्या रिक्षाचालकाची मुलगी. तिच्यासारखीला एरवी कुणी व्यासपीठावर बोलावलं असतं का? पण या वाटेच्या तोंडाशीच उंची आणि वयाची अट असते, आणि बुटकी, जाड, काळी मुलगी तिथूनच परत फिरते.

आयोजकही बदलले आहेत. मिस वर्ल्डने पोहण्याच्या पोशाखाची फेरी काढून टाकली. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहितांना आणि मातांना वाट मोकळी केली, पुढच्या वर्षी वयाची वरची मर्यादाही काढली. आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये गेला. हे बदल टीका झाली म्हणून झाले. मात्र २०२५ च्या हैदराबादच्या मिस वर्ल्डमधून इंग्लंडची मिला मॅगी अर्ध्यातून परतली आणि श्रीमंत पुरुष पाहुण्यांचं मन रिझवायला बसवल्याचा आरोप तिने केला. आयोजकांनी तो नाकारला. बिकिनी गेली तरी हा वाद उरतोच, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

वेगळी मोजपट्टी असू शकते का, हे बघायला आर्चीकडे पुन्हा पाहावं. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा रिंकू शाळकरी मुलगी होती. तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल आधीच घेतली गेली होती. मिस इंडियाच्या परीक्षकांनी शोधावा असा हा चेहरा नव्हता, सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही वर्गात सापडावा असा होता. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, आवडलेल्या मुलाकडे स्वतः रोखून बघते. प्रेक्षक तिला पाहतात, पण ती नुसती पाहून घेण्यापुरती उरत नाही. मराठी गावांनी तिला डोक्यावर घेतलं, म्हणजे वेगळी मोजपट्टी आपल्याला चालते.

सौंदर्यस्पर्धा बाईच्या वस्तूकरणात भर घालतात, हे मान्य करायला हवं. त्या बंद पाडण्याची मागणी मात्र सोपी आणि कुचकामी आहे. हातातलं काम जवळचं आहे. शाळा-महाविद्यालयांनी गॅदरिंगमधली ‘मिस’ आणि ‘क्वीन’ची निवड थांबवावी. मुलीच्या बायोडाटातला वर्णाचा रकाना तिच्या घरच्यांनी या हंगामापासून कोरा न ठेवता काढूनच टाकावा, आणि मुलाकडच्यांनी तो विचारू नये.