एक सूत, चार फूट आणि जमिनीतला खुंट

२०२२च्या अखेरीस अमेरिकेने मोजणीतला ‘सर्वेक्षण फूट’ अधिकृतपणे मोडीत काढला आणि आंतरराष्ट्रीय फूट तेवढा ठेवला. या दोन फुटांमधला फरक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे मैलामागे जेमतेम एक सूत. परंतु नकाशाचे आकडे ऋण होऊ नयेत म्हणून मोजणीचा शून्यबिंदू अनेक ठिकाणी वीस लाख फूट दूर कल्पिलेला असल्याने, संगणकाने एका फुटाऐवजी दुसरा धरल्यास अख्ख्या काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचा, नकाशा चार फूट सरकतो आणि कोणाच्या तरी पडवीतून शेजाऱ्याची हद्द जाऊ लागते.

हद्द मात्र जागची हललेली नसते. काउंटीत खरेदीखते नोंदणारे कार्यालय बहुधा वेगळे आणि मालमत्ताकर आकारणारे वेगळे असते. संगणकाच्या पडद्यावरील नकाशात दिसणारे रंगीत तुकडे या दुसऱ्या कार्यालयाने मुख्यतः कर बसवण्यासाठी जुळवलेले असतात, हे उपग्रहचित्रांच्या झगमगाटात सहज विसरले जाते. हद्द ठरते ती जमिनीवरच्या मूळ मोजणीवरून. ओहायोच्या पूर्व सीमेपासून १७८५मध्ये सुरू झालेल्या सरकारी मोजणीत जमिनीचे सहा मैल बाजूचे चौरस पाडून प्रत्येकाचे ३६ भाग केले गेले आणि १७९६च्या कायद्यापासून या भागांना, औत शेताच्या टोकाला पोचल्यावर बैल वळवावेत तसे, एका ओळीत पूर्वेकडून पश्चिमेकडे तर पुढच्या ओळीत उलट असे क्रमांक दिले जाऊ लागले. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात, त्यामुळे चौरस कधीच तंतोतंत बसत नाहीत, आणि ही तूट-वाढ उत्तर व पश्चिम कडेच्या भागांवर ढकलली जाते. कोपऱ्यावर खुंट किंवा दगड रोवून, जवळच्या झाडांवर खुणा करून त्यांची दिशा व अंतर वहीत टिपले जाई. ही झाडे म्हणजे कोपऱ्याचे साक्षीदारच. मूळ खुंट चुकीच्या जागी रोवला गेला असला तरी कायद्याच्या दृष्टीने कोपरा तोच, बिनचूक गणित नव्हे.

या मोजणीचे साधन लंडनचे खगोलाध्यापक एडमंड गंटर यांनी १६२०च्या सुमारास रूढ केलेली ६६ फुटी साखळी होते. तिच्या कड्या बरोबर १००, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, म्हणजेच एक लाख चौरस कड्या. त्यामुळे लांबी-रुंदीच्या कड्यांचा गुणाकार करून दशांशचिन्ह पाच घरे सरकवले की क्षेत्रफळ एकरांत हाती येते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौकटींच्या कौतुकात गंटरचे नाव क्वचितच निघते. महाराष्ट्रात मात्र त्याची सावली रोजच्या बोलण्यात आहे: मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटी, म्हणजे बरोबर अर्धी, साखळी सोळा आण्यांत विभागलेली असे, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर.

अमेरिकेत पुष्कळ रस्ते या चौरसांच्या कडांवरून गेल्यामुळे जुने कोपरे आज चौकांच्या मधोमध, डांबराखाली आहेत. नकाशातल्या रेषा खऱ्या जागी बसवायच्या तर मोजणीदाराला उपग्रहयंत्र बाजूला ठेवून कुदळ घ्यावी लागते. डांबर फोडून, मातीचा एकेक थर हलक्या हाताने खरवडत गेल्यावर, लाकूड केव्हाच कुजलेले असले तरी खुंट जिथे होता तिथे हाताच्या पंजाएवढा काळपट डाग राहिलेला सापडतो, आणि काउंटीचा नकाशा त्या डागावर बांधला जातो.